आबांचं ताट

आबांना, माझ्या वडिलांना, शौचातून रक्त पडायचं. मूळव्याधच असणार म्हणून सुरण झालं, ताक झालं, कुणी दिलेली मुळीही उगाळून झाली. अशक्तपणा वाढत गेला, वेदगंगेकाठच्या उसात जाणंही थांबलं, तेव्हा कोल्हापुरात दुर्बिणीची तपासणी केली. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं. केमो सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी आबांच्या हिरड्या पाहिल्या आणि आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या म्हणाले. हिरड्यांतला एक जिवाणू आतड्याच्या गाठीतही सापडतो, असं ते जाता जाता बोलले.

मी मुरगूडला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेलो. फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हे त्याचं नाव. दातांवरच्या किटणात तो बहुतेकांच्या तोंडात असतो. २०१२ साली अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या दोन गटांनी दाखवलं, की आतड्याच्या गाठीत तो शेजारच्या निरोगी भागापेक्षा कितीतरी जास्त असतो. तो पेशींना चिकटतो, त्यांच्या वाढीला चालना देतो आणि गाठीवर चालून येणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना थोपवतो. काही गाठी केमोला दाद देत नाहीत, त्यातही त्याचा हात असल्याचं २०१७ मध्ये दिसलं. यकृतात पसरलेल्या गाठींतही तो जिवंत सापडला. २०२४ मध्ये सिएटलच्या शास्त्रज्ञांनी त्याचा एक ठरावीक उपप्रकार ओळखला. जठरातल्या आम्लात टिकून राहणारा हा उपप्रकार त्यांनी तपासलेल्या सुमारे निम्म्या गाठींत होता. मात्र गाठीची सुरुवात तोच करतो, हे सिद्ध झालेलं नाही. वय, आनुवंशिकता, आहार अशी कारणं आहेतच.

इकडे डॉक्टरांचं बोलणं भावकीत पोचलं ते एवढंच: आबांना जंतूचा आजार झालाय. आत्ती भेटायला आली आणि दारातूनच आईला म्हणाली, "वैनी, दादाचं ताट-तांब्या येगळा ठेव. ल्हान पोरं हायत घरात." आबांनी ते ऐकलं. ऑपरेशनचं दुखणं एका शब्दानं न बोलता सोसलेला माणूस त्या रात्री जेवला नाही. मला त्या आजारापेक्षा त्या वेगळ्या ताटाचा राग जास्त आला. दुसऱ्या दिवशी आत्तीजवळ बसून सांगितलं, की हा जिवाणू तुझ्या, माझ्याही तोंडात असेल; शेजारी बसून जेवल्यानं कॅन्सर होत नाही. तिला पटायला वेळ लागला, पण पटलं.

चुलतभावानं तर मेट्रोनिडॅझोल या जिवाणू मारणाऱ्या औषधाचं पाकीटच आणलं. उंदरांवरच्या प्रयोगात या औषधानं गाठीची वाढ मंदावली होती, हे खरं. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. असं औषध पोटातल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. ज्वारी, कडधान्यं, भाज्या यांतला चोथा आंबवून काही जिवाणू ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. ही फौज आपल्या हातानं का मारायची? आबांना सध्या काय सोसेल, ते डॉक्टर सांगतील तसं आई रांधते. आबांची तंबाखूची पिशवी तिनं चुलीत घातली.

वाचकहो, शौचातून रक्त आलं, पोटाची रोजची सवय बदलली, कारण नसताना वजन उतरलं, तर मूळव्याध समजून घरी बसू नका. डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि घरात असा रुग्ण असेल, तर त्याला आपल्याच पंगतीला बसवा.