काळ्या ढगातली धूळ आणि माझं अर्धवट उत्तर

सकाळी वर्गात उन्हाचा कवडसा येतो आणि फळा पुसला की त्यात खडूची धूळ तरंगताना दिसते. कवडशाबाहेर तीच धूळ दिसत नाही, कारण ती स्वतः चमकत नाही. पडलेला प्रकाश ती चहूकडे फेकते. हेच प्रकाशाचं विकिरण.

हे शिकवताना नववीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, मग आकाशातल्या काळ्या ढगांतली धूळ का नाही चमकत?" मी घाईत म्हणालो, "ती प्रकाश शोषून घेते. लिहून घ्या." तिने लिहून घेतलं. उत्तर अर्धंच होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

तारे ज्यांत जन्मतात त्या दाट रेण्वीय मेघांतले कण फार बारीक, नेहमीचा कण साधारण 0.1 मायक्रोमीटरचा धरतात. आपला केस सुमारे 70 मायक्रोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा! इतक्या लहान कणाला लांब तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. तरंगलांबी दुप्पट झाली की विकिरण 16 पटीने घटतं. म्हणून 3.6 मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशात असे मेघ चमकतील, अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

पण स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत एल 183 या मेघाचा गाभा नेमका 3.6 मायक्रोमीटरला फिकट उजळलेला दिसला. धूळ तापून चमकत असेल म्हणावं, तर तिचं तापमान उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढ्या थंडीत ती हा प्रकाश देणं शक्यच नाही. म्हणजे आजूबाजूच्या ताऱ्यांचाच प्रकाश ती फेकत होती. तोच गाभा 8 मायक्रोमीटरला मात्र काळा!

याचा मेळ बसायचा तर कण मोठे हवेत, 1 मायक्रोमीटरच्या जवळपास. गणित करून बघा. कण तरंगलांबीपेक्षा बराच लहान असेपर्यंत त्रिज्या दुप्पट केली की वस्तुमान 8 पट होतं, पण विकिरण 64 पट. म्हणजे तेवढ्याच धुळीचे थोडे मोठे कण केले, तर ती 8 पट जास्त प्रकाश फेकते. (हे मला शिकवायला फार आवडतं, परीक्षेत येत नसलं तरी.)

2010 मध्ये शास्त्रज्ञांनी असे 110 गाभे तपासले, त्यांतल्या जवळपास निम्म्यांत ही चमक सापडली. तारा जन्मण्याआधीच त्या अंधारात कण एकमेकांना चिकटून वाढू लागलेले असतात. पृथ्वीसारखे ग्रह बनतात, त्याची सुरुवात इथली.

ती मुलगी आता शाळेत नाही. वही कदाचित रद्दीत गेली असेल. पण हे वाचत असशील तर बाळा, ते वाक्य खोडू नकोस, त्याखाली एवढं लिही: "शोषते, आणि फेकतेही. फक्त कोणत्या प्रकाशात बघतो, आणि कण केवढा, हे आधी विचारावं."