दोनशे फोरिंट बाकी

चारने भागायचं!

बुडापेस्टमधला माझा अख्खा वीकएंड या एका फंड्यावर चालला. हंगेरी २००७ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे ऑस्ट्रियाला जायला काढलेला व्हिसा तिथेही चालतो. पण युरो काही त्यांनी घेतलेला नाही. त्यांचा आपला फोरिंट. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी गेले, तेव्हा शंभर फोरिंट म्हणजे साधारण तेवीस-चोवीस रुपये पडत होते. म्हणजे पाटीवरचा आकडा बघायचा, चारने भागायचं आणि मग ठरवायचं, हसायचं की रडायचं. कॉफी आठशे? भागिले चार, दोनशे रुपये. चला, पुण्यातल्या कॅफेइतकीच! पाण्याची बाटली? जाऊ दे, नळाचं पिऊ.

हसू नका. तुमचा पगार एक तारखेला जमा होत असेल. मी पडले फ्रीलान्सर. माझे पैसे कायम 'प्रोसेसमध्ये' असतात. युरोपचं तिकीट मी दीड वर्ष साठवून काढलं होतं आणि ८० युरोंची व्हिसा फी भरताना तर हात थरथरला होता. (जून २०२४ पासून ती ९० झाली आहे. जाणाऱ्यांनी मन घट्ट करावं.)

सोबत होती काकू. सख्खी काकू नव्हे हो! मास कॉम करताना पुण्याच्या हॉस्टेलवर माझी रूममेट होती. विशीतच ही बाई मेतकुटाच्या डब्यावर तारीख लिहून ठेवायची आणि दिवा चालू ठेवून झोपणाऱ्यांना झापायची, म्हणून सगळ्यांनी मिळून तिचं बारसं केलं. तेव्हा आम्ही मेसचा एकच डबा दोघींत घ्यायचो. पाच पोळ्या आल्या की अडीच-अडीच. चहासुद्धा वन बाय टू. आमच्या मैत्रीचा पायाच मुळी अर्ध्याचा होता.

मग काकू पुढच्या शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. आता ती युरोत कमावते आणि मी रुपयांत वाट बघते.

व्हिएन्नात मी तिच्या सोफ्यावर मुक्काम ठोकला होता. पहिल्या चार दिवसांत पर्स काढायला गेले की हिचं एकच, ''राहू दे गं.'' ट्राममध्ये, केक खाताना, भाजी घेताना, सगळीकडे राहू दे गं. चौथ्या दिवशी मला ते ऐकू आलं की पोटात कसंतरी व्हायला लागलं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बुडापेस्टच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी माझी बातमीदारीची स्पायरल वही काढली, मधोमध उभी रेघ मारली आणि जाहीर केलं, ''या ट्रिपला सगळं अर्धं अर्धं. हॉस्टेलसारखं.''

काकूने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या पवनचक्क्यांकडे. ''बरं,'' म्हणाली. तिच्या वडिलांनी माझ्यासोबत धाडलेला स्टीलचा डबा मांडीवर उघडला आणि आम्ही दशम्यांवर मेतकूट पसरून खाल्लं. हे वहीत कुणाच्या बाजूला लिहायचं, ते मात्र मला सुचलं नाही.

व्हिएन्नाहून बुडापेस्ट बसने तीन-एक तासांवर आहे. शहर एक वाटलं तरी मुळातली तीन. डॅन्यूब नदीच्या एका काठावर टेकड्यांचं बुडा, त्याच बाजूचं जुनं ओबुडा आणि समोर सपाटीवरचं पेश्त. १८७३ मध्ये तिघांचं लग्न लागलं. आम्ही पेश्तच्या जुन्या ज्यू वस्तीत आठ खाटांच्या डॉर्ममध्ये उतरलो. याच भागात पडक्या वाड्यांच्या चौकांत मोडक्या खुर्च्या आणि जुने बाथटब मांडून बार चालवतात. तिथे तुटकी खुर्ची मिळाली की स्टाइल समजायची!

शनिवारची सकाळ फुकटात सुरू केली, नदीकाठी चालत. पार्लमेंटची इमारत ९६ मीटर उंच आहे. शहरातली सेंट स्टीफनची बॅसिलिकाही तेवढीच. ८९६ मध्ये हंगेरियन टोळ्या या प्रदेशात आल्या असं मानतात, म्हणून ९६ हा त्यांचा लाडका आकडा. तिथून थोडं दक्षिणेला गेलं की अगदी पाण्याच्या कडेला बूट मांडून ठेवलेले दिसतात. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे. लोखंडाचे साठ जोड. २००५ मध्ये उभारलेलं हे स्मारक आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना इथे काठावर उभं करून गोळ्या घातल्या. प्रेतं नदीने नेली. त्याआधी बूट काढून ठेवायला लावले, कारण युद्धाच्या दिवसांत बुटांना चांगली किंमत येत होती.

माणसांना नव्हती.

काकू खाली बसली. एका छोट्या बुटात अडकलेलं वाळकं पान तिने बोटाने काढलं आणि तशीच बसून राहिली. पुढे बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

मग २ नंबरच्या ट्रामने, नदीला चिकटून, आम्ही मोठ्या मंडईत गेलो. ट्राममध्ये काकूने मला एक हंगेरियन शब्द शिकवला. खिशाला तिकडे 'झेब' म्हणतात. हिंदीतला जेब! मूळ अरबी शब्द तुर्कांबरोबर तिथवर गेला. तुर्कांनी बुडावर १५४१ ते १६८६ राज्य केलं, ते गेले, खिसा राहिला. ''तुझा आवडता शब्द,'' काकू म्हणाली. मी हसले, पण टोमणा लागला.

मंडई १८९७ ची. खाली लाल मिरच्यांच्या माळाच माळा. 'एदेश' म्हणजे गोडसर पाप्रिका आणि 'चीपोश' म्हणजे तिखट. वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो. आपल्या भटुऱ्याचा दांडगा भाऊ समजा, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. आम्ही एकच घेतला, मधोमध फाडला आणि मी लगेच माझे अर्धे पैसे सुट्टे करून तिच्या तळहातावर मोजून ठेवले. तिने ते न बघता खिशात टाकले. झेबमध्ये.

भांडण झालं ते दुपारी.

शहराच्या मध्यातून आम्ही पिवळी मेट्रो पकडली. ही १८९६ ची. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही पहिली भुयारी मेट्रो, लंडनची मात्र त्याआधीची. इवलेसे डबे, चकचकीत फरशा लावलेली स्टेशनं, पंचवीस-तीस पायऱ्या उतरलं की थेट प्लॅटफॉर्म. ती आम्हाला सेचेन्यी बाथला घेऊन गेली. ज्या वर्षी अमृता शेर-गिल या शहरात जन्मली, त्याच १९१३ मध्ये सुरू झालेलं हे गरम पाण्याचं स्नानगृह. राजवाड्यासारखी पिवळी इमारत, आतबाहेर मिळून अठरा कुंडं आणि जमिनीखालून ७४ आणि ७७ अंशांचं पाणी वर येतं. माझा प्लॅन होता बाहेरून फोटो काढायचा आणि सटकायचं. कारण पाटीवर वीकएंडचा दर दहा हजारांच्या घरात होता. भागिले चार... अडीच हजार रुपये! आंघोळीचे!

''अगं, वज्रेश्वरीला कुंडात डुबकी मारायला कुणी एवढे मागत नाही,'' मी म्हटलं.

काकूने मोबाइल पुढे केला. दोन तिकिटं. आधीच काढलेली.

''किती झाले?'' मी वही काढली.

''झाले तेवढे झाले. चल.''

''आकडा सांग. आपलं ठरलंय.''

''तुझं ठरलंय. माझ्याकडून आहे गं हे.''

''मला नकोय कुणाची दया.''

शब्द तोंडातून गेला आणि रांगेतल्या चार लोकांनी वळून बघितलं. मराठी कळत नसलं तरी भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

''दया?'' काकूचा आवाज खाली आला. हॉस्टेलवर ती ओरडायची तेव्हा कुणी घाबरायचं नाही, आवाज खाली आला की घाबरायचे. ''गेल्या वर्षी बाबा आयसीयूत होते. मला सुट्टी मिळून मी पोचेपर्यंत सहा रात्री तू हॉस्पिटलात बाकड्यावर काढल्यास. ते लिहिलंस का वहीत? त्याला कितीने भागायचं, सांग.''

मी काय सांगणार? रांग पुढे सरकली, आम्हीही सरकलो.

आत पाणी मात्र भन्नाट होतं! बाहेर बोचरी हवा, पाण्यावर वाफेचा पडदा आणि छातीएवढ्या पाण्यात उभे राहून दोन आजोबा बुद्धिबळ खेळत होते, जणू शनिपाराच्या कट्ट्यावर बसलेत. आम्ही दोघी कडेला गळ्यापर्यंत बुडून, दोन वेगळ्या दिशांना बघत बसलो. अर्धा तास तरी.

मग काकू वाफेलाच सांगितल्यासारखं बोलायला लागली. ''तू रोज रात्री अकराला मेसेज करायचीस. 'झोपले. नाडी ठीक आहे.' इथे तेव्हा साडेसात वाजलेले असायचे. तो येईपर्यंत मी जेवायला बसायचे नाही. फ्लॅटमध्ये एकटी, ताटाकडे बघत. तुझे ते कसे फेडायचे, मला कळत नाही. आणि तू मला लांगोशचे सुट्टे देतेस.''

आता तुम्हाला खरं सांगते. मी ती वही स्वाभिमानाची म्हणून मिरवत होते, पण ती असूयेची होती. एकाच डब्यातल्या अडीच-अडीच पोळ्या खाल्लेल्या आम्ही दोघी. तिचं 'राहू दे गं' ऐकलं की मला वाटायचं, ही पुढे गेली आणि आता मागे वळून मला देतेय. माझ्याकडे तिला द्यायला काही आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाकड्यावरच्या रात्री मी कधी मोजल्याच नव्हत्या. काकूने मोजल्या होत्या.

मला आजी आठवली. शेजारून वाटीभर काही आलं की आजी ती वाटी कधी रिकामी परत करायची नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. लहानपणी मी विचारलं होतं, ''अशाने हे कधी फिटणार?'' आजी म्हणाली होती, ''फिटतं ते वाण्याचं. शेजाऱ्याचं फिटवायचं नसतं.''

''काकू,'' मी म्हटलं, ''सॉरी.''

''पाण्यात रडू नकोस. खारट होईल, लोकांनी दहा हजार भरलेत.''

रविवारी आम्ही साखळी पुलावरून चालत बुडात गेलो. १८४९ चा हा पूल. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकीचे पूल उडवले, तसा हाही उडवला. तो पुन्हा बांधून १९४९ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, खुला केला. वर टेकडीवरून नदी, पूल आणि पार्लमेंट एका फ्रेममध्ये मावतात आणि त्याला एक फोरिंट पडत नाही. तिथे काकूने दोन कॉफ्या आणल्या. मी पर्स काढली नाही. आकडा विचारला नाही. चारने भागलंही नाही. बरं, भागलं, पण मनातल्या मनात!

परतीच्या बसआधी मी सवयीने वहीची बेरीज केली. बाथ आणि कॉफी सोडून. माझ्याकडून काकूला दोनशे फोरिंट निघत होते. म्हणजे आपले पन्नासेक रुपये, दोन वडापाव. खिशात दोनशेचं नेमकं एक नाणं होतं. त्याच्यावर त्याच साखळी पुलाचं चित्र असतं. मी ते पुढे केलं. काकूने माझी मूठ बंद केली.

''असू दे बाकी,'' म्हणाली. ''पुढच्या वेळी दे.''

मी ठेवून घेतलं.

पुण्याला परत आल्यावर पहिल्या रविवारी काकूच्या बाबांचा स्टीलचा डबा द्यायला गेले. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. आत पाव किलो पाप्रिका होती, एदेश, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय म्हणून. ''किती झाले गं याचे?'' त्यांनी विचारलं.

''राहू द्या हो काका,'' मी म्हटलं.

डबा त्यांनी घासून, पुसून माझ्यासमोर ठेवला. निघताना हातात घेतला तर जड लागला. आत शेंगदाण्याची चटणी होती.