दोन गुण

२०१८ च्या श्रावणात डॉक्टरांनी आईचे कागद मिटून माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "सर, आता घरी न्या. पुढचे करायचे ते घरीच चांगले होईल." कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. गाडीत आई एवढेच म्हणाली, "बरं झालं. तिथला चहा अगदीच पाणचट होता."

मुख्याध्यापकाला कोणतेही काम द्या, तो आधी वेळापत्रक करतो. मीही तेच केले. शहापुरातले आमचे घर जुने; आईची खोली माडीवर. जिना आता तिला झेपणारा नव्हता, म्हणून माजघर रिकामे केले. तिथून न्हाणीघर जवळ, आणि उशाकडची बाजू उचलली की परसातली तुळस दिसे. (डॉक्टरांना पहिली सोय महत्त्वाची वाटली, आईला दुसरी.) वर-खाली होणारी लोखंडी खाट भाड्याने आणली, तिच्यावर हवेची गादी. गादीचा पंप रात्रभर घुरघुरे. "तुझे बाबाच आले की काय घोरायला?" आई म्हणे. न्हाणीच्या उंबरठ्याला सुताराकडून फळीचा उतार करून घेतला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. उशाशी शाळेतली जुनी पितळी हातघंटा ठेवली. ती तिने एकदाही वाजवली नाही.

मुख्य औषध मॉर्फिनच्या गोळ्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्रीची मात्रा दुप्पट, म्हणजे दोन वाजता उठवायला नको. त्याने पोट हटकून बांधते, म्हणून रेचक रोजचेच. २०१४ साली कायदा सुधारला, तरी ही गोळी गल्लीतल्या दुकानात मिळत नाही; मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच आणावी लागते. काका म्हणाले, "अरे, ही तर अफू! सवय लागेल वहिनींना." सौ.ने शांतपणे विचारले, "किती वर्षांची?"

वेदनेला शून्य ते दहा गुण देऊन रोज लिहून ठेवा, त्यावरून मात्रा ठरवू, असे डॉक्टरांनी बजावले होते. शाळेत निघण्यापूर्वी मी वही घेऊन खाटेशी उभा राही.

"आई, आज किती?"

"दोन."

अकरा दिवस माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात दोन, दोन, दोन.

दिवसा सोबतीला येणाऱ्या बाई बैलहोंगलकडच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. बाराव्या दिवशी चप्पल घालता घालता त्या मला थांबवून म्हणाल्या, "अम्मग नोवु भाळ ऐत्रि, सर." आईला फार दुखते आहे. किती, ते आईने त्यांना सांगितले होते. एंटु. आठ.

आईचे माहेर धारवाडचे. कन्नड शाळेत शिकलेली ही मुलगी १९६० साली लग्न होऊन आमच्या घरात आली. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून आमच्याकडे तो दिवस काळा. आजोबा सत्याग्रहातले. आईला कुणी कन्नड बोलू नको म्हटले नसेल, तिनेच ओळखले. सीमाप्रश्नावरचे माझे मत आजही तेच आहे. पण माझी आई दुपारी दार लोटून कन्नडमध्ये कण्हत होती आणि सकाळी मला मराठीत दोन गुण देत होती, हे वही मिटून ठेवण्यासारखे नव्हते.

डॉक्टरांनी त्याच रात्री मात्रा वाढवली. मी तक्ता नव्याने लिहिला, अक्कांना वाचता यावा म्हणून कन्नडमध्ये. परिपत्रके वाचण्यापुरते माझे कन्नड. दोन ठिकाणी सौ.ने काना-मात्रा सुधारून दिली. तक्ता भिंतीवर लावला. आई पडल्या पडल्या वाचत होती.

दुसऱ्या दिवशी वही न घेता खाटेच्या कडेवर बसलो आणि विचारले, "अम्मा, नोवु इदेया?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, खोकला येईपर्यंत हसली.

"हे सरकारी कन्नड कुठून आणलंस रे? धारवाडात असं कोणी बोलत नाही."

मग माझा हात धरून तिने बरगडीखाली ठेवला आणि म्हणाली, "इथं. पहाटे चार वाजता सुरू होतं."