छपराखालचे वळण

ज्वरातून उठलेल्या माणसाला वैद्यांनी अंगणापुरतीच फिरण्याची मुभा दिलेली असली आणि बाहेर धुळ्याचे ऊन तापू लागलेले असले, म्हणजे मन भलत्याच मुलखात भटकते. मार्च 2024 मध्ये बोस्टनला, छपराखालच्या दोनशे मीटरांच्या धावपट्टीवर, फ्लोरिडा विद्यापीठाचा परवेज खान, मेवातचा हा शेतकरीपुत्र, एक मैल चार मिनिटांच्या आत धावून अमेरिकी विद्यापीठांच्या अंतिम फेरीत दाखल झाला, हे वाचल्यापासून तिथले तिरपे उंचावलेले वळण माझ्या दृष्टीपुढून हलत नाही. आठांहून किंचित अधिक फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत तो कलता उतार दोनदा अंगावर घ्यायचा! अंतिम फेरीत तो सहावा आला. मला मात्र प्राथमिक फेरीच अधिक मोलाची वाटते. जळगावचा भाचा सैन्यभरतीसाठी पहाटे केळीबागांच्या सडकेने धावतो. त्याला हे कळवावे काय, हा विचार तूर्त तहकूब आहे.