एका वेतनावरचे घर

वैशाखाच्या अखेरीस एखादे वादळ यावल-रावेरच्या केळीबागांवरून गेले, म्हणजे अर्ध्या घटकेत वर्षाची कमाई चिखलात आडवी होते. परंतु त्या संध्याकाळी गावावर जे दुःख पसरते, ते सर्वांच्या वाट्याला एकाच वेळी आलेले असल्यामुळे त्याला लज्जेचा स्पर्श नसतो. पारावर माणसे जमतात, कोणाचे किती घड गेले याचा हिशेब उघड्या आवाजात होतो, तलाठी पंचनामा करतो, पूर्वी तगाईच्या दरखास्तीही लिहिल्या जात, आणि ज्याचे सर्वस्व गेले तोच ज्याचे अर्धे गेले त्याला धीर देत बसतो. पगारदाराच्या घरावर जी आपत्ती कोसळते, तिचा पंचनामा होत नाही. शेजारची चूल नेहमीसारखी पेटलेली असते, रस्त्यावरून बैलगाड्या नेहमीसारख्या जात असतात, आणि त्या एकाच घरात महिन्याची पहिली तारीख येऊन निघून जाते.

माझे वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, यावल अजून पूर्व खानदेश जिल्ह्यात मोडत असताना, त्यांची नेमणूक तेथे झाली. गावात बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, असे आमचे एकच घर. भुसावळला रेल्वेच्या चाकरीत आमच्यापैकी काही माणसे होती. पण मध्ये तापी, आणि पावसाळ्यात तापी ओलांडणे ही साधी गोष्ट नव्हती. दहा पुरुष जमल्यावाचून आमची सामुदायिक प्रार्थना होत नाही. यावलात ती कधीच झाली नाही. अशा ठिकाणी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. प्रथम भरपगारी रजा, मग अर्धपगारी, मग बिनपगारी, अशा पायऱ्यांनी सरकारी नियम जसजसा खाली उतरत गेला, तसतसे आमचे घरही त्याच्यामागून उतरत गेले.

आता वाटते की, त्या घसरणीचे मूळ वडिलांच्या प्रकृतीत होते तितकेच ते आमच्या समाजाच्या इतिहासातही होते. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही आमची परंपरागत कथा. त्यांचे वंशज कोकणात तेल गाळू लागले आणि विश्रांतीचा वार पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हणून ओळखले गेले. पुढे कंपनी सरकारची पलटण आली. सामाजी हसाजी दिवेकर हे पलटणीतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात आमचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पलटणीमागून शाळा आली. हाईम सामुएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएल मुलांसाठी जी शाळा काढली, तिच्यासारख्या प्रयत्नांतून कारकून, शिक्षक, कंपाउंडर, सर्वेअर आणि ओव्हरसियर यांच्या पिढ्या निघाल्या. केहिमकरांचे ऋण मी मानतो. तरीही एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही: घाणा हा घराच्या मालकीचा होता. घरधनी अंथरुणाला खिळला तर बायकोने बैल जुंपावा, पोराने मागे चालावे, तेल पडतच राही. वेतन मात्र एका देहाला बांधलेले असते. तो देह थांबला की तेही थांबते. तेलाच्या घाण्यावर वाढलेला समाज शाईच्या दौतीवर आला, त्याला प्रतिष्ठा मिळाली, स्वच्छ कपडे मिळाले, आणि मोबदल्यात त्याने आपले संपूर्ण घर एकाच खुंटीला टांगले. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या समयांना तेल पुरविले, त्यांच्या घरी शुक्रवारच्या संध्याकाळच्या दिव्याचे तेल उधारीवर येऊ लागले.

अशी वाताहत यावलला नवी नव्हती. निंबाळकरांच्या अमदानीत हा कसबा जाडसर देशी कागदासाठी आणि निळीसाठी नावाजलेला होता. पुढे गिरणीचा कागद आला, निळीचे दिवसही सरले, आणि ते कारागीर कसे जगले, त्यांच्या बायकांनी प्रथम काय विकले, हे त्यांच्या स्वतःच्या कागदावरही कोणी लिहून ठेवलेले नाही. फैजपूर येथून हाकेच्या अंतरावर. तेथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली शेतकऱ्यांच्या कर्जाचा भार कमी करण्याचा कार्यक्रम मांडला गेला, आणि ते योग्यच झाले. पण अंगावर इस्त्रीचा सदरा असलेला माणूसही कर्जात बुडू शकतो, ही कल्पना अजून कोणाच्या कार्यक्रमात शिरलेली नव्हती.

आईने विकावयास आरंभ केला तो तांब्याच्या हंड्यापासून. नंतर तिच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्यांच्या दुकानातून आमचा किराणा येई, ते शेटजी सावकारीही करीत. पाटल्या घेण्यासाठी ते स्वतः आले, परंतु ओट्यावरच उभे राहिले. आईने दोनदा ‘आत या’ म्हटले, तेव्हा ते म्हणाले, ‘नको वहिनी, तुम्हीच बाहेर आणून द्या, कोणी विचारले तर मी हिशेबाला आलो होतो.’ मोशेच्या धर्मशास्त्रात अशी आज्ञा आहे की, ऋणकोच्या घरात शिरून धनकोने तारण उचलू नये. त्याने बाहेर थांबावे आणि ऋणकोने ते आपल्या हाताने आणून द्यावे. आणि तारण जर गरिबाचे पांघरूण असेल तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे. शेटजींनी हे शास्त्र कधी ऐकलेही नसेल. व्याज मात्र त्यांनी एका पैनेही सोडले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. आमच्या शास्त्राने भावाकडून व्याज घेणे निषिद्ध ठरविले आहे, पण त्यांच्या शास्त्राने तसे काही केलेले नव्हते, आणि आम्हीही त्यांचे भाऊ नव्हतो. त्यांचा वसुलीचा माणूस इतर वारी येई, शनिवारी कधीही येत नसे.

शेजारच्या काकूंचे धोरण निराळे होते. त्यांच्या घरून भरीत येई ते नेहमी ‘वांगी फार निघाली’ म्हणून येई, आणि कळण्याचे पीठ येई ते ‘दळण जास्त झाले’ म्हणून. भुईमूग उपटून झाला की सरवा वेचावयास त्या आपल्या मुलांबरोबर आम्हा भावंडांनाही शेतात पाठवीत. मोकळ्या झालेल्या काळ्या जमिनीत काडीने उकरत जायचे, ढेकळाखाली राहिलेली शेंग बोटांना लागली की ती फडक्यात टाकायची, आणि दुपारपर्यंत नखांत माती जाऊन बोटांची टोके हुळहुळू लागत. काकूंच्या मुलांना तो खेळ होता. आमच्या घरी त्या शेंगांचे कूट होऊन रात्रीच्या भाजीत पडे. शेताचा कोपरा कापू नये, गळालेली कणसे मालकाने पुन्हा वेचू नयेत, ती विधवेची, अनाथाची आणि परक्याची आहेत, ही आज्ञा आमच्या ग्रंथात आहे, आणि तिच्याच आधारावर मोआबातून आलेली रूथ बेथलेहेमच्या शेतात सासूसाठी कणसे वेचते. त्या शेतात आम्ही परके होतो खरे, पण ‘तुम्ही आलात कशाला’ असे आम्हाला कोणी विचारले नाही.

मदत मुंबईहूनही आली. एका निधीकडे नातलगांनी परस्पर अर्ज केला होता. निधीची प्रश्नावली आली, तीत भांड्यांची संख्यासुद्धा विचारलेली होती. आईने ती प्रामाणिकपणे भरली. नंतर मनिऑर्डर आली आणि पोस्टमनने भर रस्त्यात तिची रक्कम आणि पाठविणाऱ्याचे नाव वाचून दाखविले. बिचाऱ्याला वाटले, आनंदाची बातमी आहे! आईने पैसे घेतले; मानासाठी मुलांचे पोट मारणारी ती नव्हती. तथापि यरुशलेमच्या प्राचीन मंदिरात एक गुप्त दालन होते असे मिश्ना या आमच्या धर्मग्रंथात सांगितले आहे. तेथे देणारा गुपचूप ठेवून जाई, आणि चांगल्या घराण्यातून दारिद्र्यात आलेली माणसे गुपचूप घेऊन जात. ज्यांनी हे दालन कल्पिले, त्यांना माणसाच्या अंतःकरणाचे जे ज्ञान होते, ते निधीची प्रश्नावली तयार करणाऱ्यांना का नसावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावीत असे.

याच संदर्भात वडिलांच्या वर्तमानपत्राची हकिगत येते. हंडा गेला, पाटल्या गेल्या, पण वर्तमानपत्र आईने बंद केले नाही. उजव्या हाताने पान उलटत नसे, म्हणून ती ते खाटेवर पसरून ठेवी. आणि रोज त्यांना परीटघडीचा सदरा घालून, जणू आताच कामावर निघायचे आहे असे, टेकून बसवी. मुंबईची एक आत्या आली असता हे पाहून संतापली. ‘खायचे वांधे, आणि पेपर कसला वाचता?’ तिचा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु तालमुद या आमच्या धर्मग्रंथात हिल्लेल या पंडिताची एक कथा आहे. चांगल्या घराण्यातला एक माणूस निर्धन झाला. त्याला पूर्वी घोड्यावर बसण्याची आणि पुढे सेवक धावण्याची सवय होती, म्हणून हिल्लेलने त्याच्यासाठी घोडाही मिळविला आणि सेवकही. आणि एके दिवशी सेवक मिळाला नाही, तेव्हा तो थोर पंडित स्वतःच त्या घोड्यापुढे तीन मैल धावला. तरुणपणी मला ही कथा हास्यास्पद वाटे. गरिबाला घोडा कशाला? आता वाटते, जो जन्मतः गरीब आहे त्याला गरिबीची विद्या अवगत असते, तिच्या युक्त्या, तिची भाषा, तिचा विनोदही त्याला येतो. जो काल पडला, त्याला यातले काहीच येत नाही, आणि त्याचे काय गेले यावरूनच त्याची गरज ठरते. वडिलांचा घोडा ते चार पानी वर्तमानपत्र होते.

मामांचा आग्रह होता की सर्वांनी इस्राएलला जावे. त्या काळी आमचे पुष्कळ लोक जात होते. पण तेथे गेलेल्या काही कुटुंबांनी हालअपेष्टा आणि भेदभाव यांविरुद्ध निदर्शने करून १९५२ मध्ये हिंदुस्थानचा किनारा पुन्हा गाठला होता, आणि पंगू माणसाला बोटीवर चढविण्याचे धैर्य आईला झाले नाही. तो विषय तेवढ्यावरच मिटला.

बाराव्या शतकातले रब्बी मोशे बेन मायमोन यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत वरची पायरी भिक्षेची नव्हे. पडणाऱ्याला कर्ज द्यावे, भागीदारी द्यावी किंवा काम द्यावे, म्हणजे त्याला पुन्हा मागण्याची वेळ येऊ नये. आमच्या समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती घेऊन विलायतेस गेल्या, पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली पद्मश्री झाल्या. ते दान असते तर त्यांना इतके मोकळेपणाने घेता आले असते की नाही, शंका आहे. आमच्या घरी ही पायरी आली ती हप्त्यावरच्या शिवणयंत्राच्या रूपाने, आणि त्याला जामीन राहिले तेच शेटजी. त्यात त्यांचा स्वार्थ होता, कारण आईला कमाई सुरू झाल्यावाचून त्यांची बाकी वसूल होणार नव्हती. पण स्वार्थ मिसळल्यामुळेच ते कर्ज आईला सुखाने घेता आले असे मला वाटते. काकूंनी आपल्या नात्यातल्या लग्नाची पोलकी आणून दिली. यंत्राची पायाखालची पट्टी आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत वाजू लागली, आणि शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी आई यंत्रावर फडके टाकून दिवा लावी. शनिवारी ते बंद असे.

पाटल्या सुटल्या, त्या वेळी वडील हयात नव्हते. त्यानंतर आम्ही भावंडे शिकलो आणि एकजात सरकारी नोकरीत शिरलो, एक तारखात्यात, एक रेल्वेत, मी शिक्षणखात्यात. इतके भोगूनही आम्हाला दुसरे काही सुचले नाही. आईने आम्हाला कोणालाच अडविले नाही. बहिणीच्या लग्नात मात्र तिने पाटल्या सुनांसाठी ठेवल्या आणि मुलीला नवे शिवणयंत्र दिले. सासरच्यांना ते थोडे कमीपणाचे वाटले, आणि लग्नात तसे बोलूनही दाखविण्यात आले.