चूक लेकीची नव्हती

मैत्रिणींनो, दिसेल ती वस्तू उघडून पाहणारे एखादे मूल तुमच्याही घरी आहे का हो? आमची लेक तशीच. खोडकर कमी आणि खोलकर जास्त! मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन, सगळ्यांवर तिचा हात फिरलेला. मला त्याचे कौतुकच होते. पण त्या दिवशी माझी जीभ घसरली.

ऐन टोमॅटोच्या हंगामात माझा फोन ओट्यावरून पडला. पुढची काच फुटली, ठशाचे बटणही तडकले. लेक म्हणाली, "आई, मावशीचा अगदी असाच फोन बंद पडलाय. त्याची काच नि बटण काढून याला बसवते."

बारीक बारीक स्क्रू वाट्यांत मांडून ती तीन तास बसली. फोन सुरू झाला, चित्रही लख्ख! पण बटणावर बोट ठेवले, तर ठसा काही केल्या घेईना. माझा पारा चढला. "बिघडवलास ना चांगला फोन? मुलीच्या जातीला हवीत कशाला ही कामं?" ती काही बोलली नाही. पेचकस डब्यात गेले, ते महिनाभर बाहेर आले नाहीत.

शेवटी मीच फोन घेऊन पिंपळगावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने उघडून पाहिले नि म्हणाला, "काम अगदी व्यवस्थित झालंय, वहिनी. मी बसवलं असतं, तरी ठसा चालला नसता."

मग त्याने समजावले. काही कंपन्या फोनच्या एकेका भागाला स्वतंत्र क्रमांक देतात आणि कारखान्यातच त्याची मुख्य पट्टीशी गाठ बांधतात. दुसऱ्या फोनचे अस्सल बटण बसवले, तरी क्रमांक जुळत नाही. सून घरात आली, पण रेशनकार्डावर नाव चढले नाही, तशी गत! आणि नाव चढवण्याची सोय कंपनीच्याच हाती.

ठशाच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. चोराने दुसरे बटण लावून फोन उघडू नये, ही काळजी रास्तच. पण साधी बॅटरी बदलली, तरी काही फोन सूचना दाखवतात, तिथे चोराचा काय संबंध?

हे दुखणे जगभरचे आहे. बाहेर बटण बदललेले काही आयफोन नव्या सॉफ्टवेअरनंतर पार बंद पडले. ॲपल कंपनीने २०१६ साली माफी मागून उपाय दिला. तरी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने, अशा ग्राहकांना चुकीची माहिती दिल्याबद्दल, तिला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून अशा गाठी बांधण्यावर बंदी घातली. ती २०२५ पासूनच्या नव्या वस्तूंना लागू आहे. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली.

तेव्हा बायांनो, नवा फोन घेताना रंग नि कॅमेऱ्याबरोबर एवढेही विचारा: काच, बॅटरी बाहेर बदलता येते का? बदलल्यावर काय बंद पडते? सुटे भाग जवळपास मिळतात का? घरी खोलायचा असेल, तर आधी फोटो, नंबर दुसरीकडे उतरवून ठेवा. ठशाचे मूळ बटण शाबूत असेल, तर तेच नव्या काचेवर बसवा; टाकून देऊ नका. आणि फसवणूक झाली असे वाटले, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

माझ्या फोनवर मी अजून आकडे घालूनच काम चालवते. त्याचे काही वाटत नाही. वाटते ते माझ्या बोलण्याचे. त्या संध्याकाळी लेकीला जवळ बसवून म्हटले, "चूक तुझी नव्हती गं, माझी होती." ती हसली. दुसऱ्या दिवशी पाहते, तर ओट्यावर मिक्सर उघडून पडलेला! या वेळी मी वाट्या काढून दिल्या.