मलाक्काच्या चिंचोळ्या वाटेवर

वाचकहो, घरातील मुलांचा नकाशा क्षणभर पुढे ओढून घ्या. निकोबारच्या दक्षिण टोकावरून बोट पूर्वेकडे नेले, की एका बाजूस सुमात्रा व दुसऱ्या बाजूस मलाया द्वीपकल्प यांच्यामध्ये नरसाळ्याप्रमाणे निमुळती होत गेलेली पाण्याची पट्टी लागते. हीच मलाक्काची सामुद्रधुनी. तिची लांबी सुमारे ८०० किलोमीटर आहे. प्रारंभी तिचे पात्र ऐसपैस असले, तरी सिंगापूरजवळ, फिलिप्स चॅनेल नावाच्या ठिकाणी, जहाजांच्या वाटेला तीन किलोमीटरदेखील रुंदी उरत नाही. या वाटेने वर्षाकाठी ८० हजारांहून अधिक जहाजे जातात. सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्यावरील उद्यानात आपण उभे राहिलात, तर नांगरून पडलेल्या जहाजांची रांग क्षितिजापर्यंत दिसेल.

मेलाका शहर या सामुद्रधुनीच्या काठावरच आहे. तेथील टेकडीच्या पायथ्याशी पोर्तुगीज किल्ल्याचा एकच दरवाजा आज शिल्लक आहे. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने पुढच्याच वर्षी हे शहर जिंकले व तो किल्ला बांधविला. मसाल्याच्या व्यापाराची नाडी कोठे दाबावी, हे त्याला नेमके कळले होते. ते चाच्यांनाही कळत होते, आणि आजही कळते. उथळ, अरुंद पाण्यात मोठ्या जहाजांना वेग आवरावा लागतो. काठावर खारफुटीच्या खाड्या व असंख्य लहान बेटे. त्यात तीन देशांच्या सरहद्दी एकमेकींना खेटून. लूट करून अर्ध्या तासात होडी पलीकडच्या देशाच्या पाण्यात शिरली, की पाठलाग करणाऱ्या गस्तनौकेला तेथेच थांबणे भाग पडे.

ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज सुमात्रातील क्वाला तांजुंग बंदरातून निघाले. पोटात ॲल्युमिनियमच्या विटा होत्या, सुमारे ७,००० टन. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात चाच्यांनी ते ताब्यात घेतले. जहाजावरील सतरा जणांना पुढे रबरी तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिले. सुमारे दहा दिवस ते वाहत राहिले. अखेर थायलंडच्या एका मासेमारी नौकेने त्यांना उचलले. कोणत्याही आरमाराला जे साधले नव्हते ते कोळ्यांनी केले, एवढे येथे नमूद केलेच पाहिजे.

इकडे चाच्यांनी जहाजाला नवा रंग दिला, ‘मेगा रामा’ असे नवे नाव दिले आणि ते अरबी समुद्राकडे हाकारले. क्वालालंपूर येथील चाचेगिरी-वार्ता केंद्राने त्याचे वर्णन सर्वत्र कळविले होते. एका कुवेती तेलवाहू जहाजाच्या कप्तानाला तशाच बांध्याचे जहाज दिसले. त्याने लगेच खबर दिली. भारतीय तटरक्षक दलाचे विमान उडाले, त्यामागोमाग ‘ताराबाई’ ही नौका निघाली. मराठ्यांच्या रणरागिणीचे नाव धारण करणारी नौका चाच्यांच्या मागे लागावी, हा योगायोग मोठा गोड! त्या नौकेने पाठलाग केला, गोळ्या झाडल्या. पुढे नौदलाच्या ‘प्रहार’ने साथ दिली आणि १६ नोव्हेंबरला जहाज हाती आले. चाच्यांनी ते बुडविण्याचा प्रयत्न केला होता, तो फसला. जहाज मुंबईस आणले गेले.

मात्र पकडणे ही अर्धीच गोष्ट ठरली. भारतीय कायद्यात तेव्हा चाचेगिरीची स्वतंत्र व्याख्याच नव्हती. २००३ साली मुंबईच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, आणि २००५ साली उच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा संसदेने संमत केला तो २०२२ च्या डिसेंबरात. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने सोमालियाकडील समुद्रात शरण आणलेले ३५ चाचे मुंबईच्या पोलिसांच्या स्वाधीन झाले, तेव्हा हा कायदा हाताशी होता.

सामुद्रधुनीतही सरहद्दींचे कोडे हळूहळू सुटत गेले. इंडोनेशिया, मलेशिया व सिंगापूर यांनी जुलै २००४ मध्ये आपापल्या पाण्यात, परंतु परस्परांशी मेळ राखून, गस्त सुरू केली. थायलंड २००८ मध्ये सामील झाला. २००५ पासून विमानेही फिरू लागली. विमान एका देशाचे, पण आत अधिकारी सर्व देशांचे, आणि शेजाऱ्याच्या किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत जाण्याची मुभा. शेजाऱ्यावरील अविश्वासाला यापेक्षा साधा उतारा मला तरी सुचत नाही. जपानच्या पुढाकाराने सोळा आशियाई देशांनी मिळून केलेला करार २००६ साली अमलात आला. सिंगापूरला त्याचे वार्ताकेंद्र उघडले. भारत त्यात प्रारंभापासून आहे. इंडोनेशिया व मलेशिया हे काठावरचे दोन मोठे देश मात्र तेव्हा बाहेर राहिले, कारण आपल्या पाण्यावरील हक्काविषयी ते फार जपून असतात.

चोरटी मासेमारी हा याच घरातला दुसरा चोर. परक्या नौका रात्री येऊन जाळी टाकतात, आणि सकाळी गावच्या कोळ्याच्या जाळ्यात काही उरत नाही. २०१४ नंतर इंडोनेशियाने पकडलेल्या अशा नौका जाहीरपणे समुद्रात बुडविल्या. हा उपाय कठोर खराच. पण चोरीची मासळी बंदरातच उतरू न देणारा आंतरराष्ट्रीय करार २०१६ साली अमलात आला, तो मला अधिक पटतो. दोन देशांच्या गस्तनौका समोरासमोर येण्याचा प्रसंग त्यात टळतो.

२०२५ साली सिंगापूरजवळ चोऱ्या पुन्हा वाढल्या. आता चोर सबंध जहाज पळवीत नाहीत. मध्यरात्री दोरावरून चढतात आणि यंत्रांचे सुटे भाग घेऊन उतरतात. म्हणून आजही फिलिप्स चॅनेल जवळ आले, की कप्तान डेकवरचे दिवे लावतो, पाण्याचे पाइप कठड्याला बांधून ठेवतो आणि दोन खलाशांना जहाजाच्या मागच्या बाजूस उभे करतो.